कोणाची लेक

घरात सोनं नसलं म्हंजे लोकं भांडे गहाण ठेवतेत. माह्या मायनं मले ठेवलं. अन् ठेवलं तेही कोणापाशी, तं मरून शंभराच्या वर वर्षं झालेल्या एका गोऱ्या ब्रदरपाशी. जित्या माणसाच्या हातापाया तरी पडता येते. मेलेल्याशी काय भांडता, बाप्पा.

परतवाड्याच्या पुढं, जिथून मेळघाटाचे डोंगर चालू होतेत, तिथं खैरटेकडी हाय. टेकडीवर एक बारकं चर्च अन् चर्चच्या अंगणात लुकासबाबाची समाधी. ख्रिस्ती लोकं त्याले ब्रदर लुकास म्हणतेत, बाकी सगळी दुनिया बाबा म्हणते. आमी जातीचे माळी, मोर्शीच्या बाजूले झेंडू, वांगे, सांबार लावणारे. सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर. चर्चशी आमचं काय घेणं-देणं? पण लेकरू जगत नसलं की आमच्याकडच्या बाया खैरटेकडी चढतेत. लेकरू समाधीवर ठेवाचं अन् म्हणाचं, "हे तुह्यं. आता तूच जगव." लेकरू जगलं, हिंडू-फिरू लागलं, की त्याच्या वजनाइतका गूळ वाहून त्याले सोडवून आणाचं. अशी रीत.

माह्या आंधी मायचे दोन लेकरं गेले होते. मी तिसरी. सव्वा महिन्याची होती तवा मायनं मले नेली अन् समाधीवर ठेवली. मी जगली. अंगानं चांगली, तोंडानं त्याहून चांगली. सगळं बरोबर झालं, फक्त सोडवून आणाचं राहून गेलं.

कसं राहिलं म्हणता? त्या वर्षी आजी वारली, सुतक आलं. दुसऱ्या वर्षी झेंडू सडला. मंग माह्या बाप, खुशालराव, तापाचं निमित्त होऊन गेला अन् मायनं कुठी जाणंच सोडलं. दरवर्षी काही ना काही निघे. अन् इकडं मी वाढत चालली, त्याच्यासंगं गूळही वाढत चालला.

शाळेची सहल सेमाडोहले निघाली तं माय म्हणे, "ते जंगल बाबाच्या बाजूचं हाय. त्यानं ठेवून घेतलं तं?" बारावी झाली, अमरावतीले होस्टेल भेटत होतं, तं म्हणे, "दुसऱ्याची ठेव हाय, मी कशी धाडू?" दर्यापूरची सोयरीक आली. पोरगा बरा होता, मलेही पसंत होता. मायनं पाव्हण्याईच्या हातात चहाचे कप देले अन् सांगून टाकलं, "पोरगी अजून सोडवली नाई बरं." पाव्हणे अर्धा कप चहा टाकून उठले. त्याच्यानंतर गावात माह्यं नावच पडलं, बाबाची रागिणी. वर्गातले पोट्टे तं शाळेपासूनच मले फादरीण म्हणत. मी दोघाईले धरून झोडलं, पण नाव काही गेलं नाई.

दाराले कुलूप असतं तं मी तोडलं असतं. माय मारझोड करती तं पळून गेली असती. पण माय तं मले गरम भाकर वाढे, डोकं दुखलं तं तेल चोळून दे, अन् जाऊ मात्र कुठीच दे नाई. घर, वावर, बाजार अन् परत घर. रात्री आंगणात बाज टाकून पडली की मले वाटे, अख्खं आभाळ उघडं हाय अन् मले श्वास घ्यायले जागा नाई.

मले एक काम लय चांगलं येते. संत्र्याचे डोळे भरणं. जंबेरीच्या, म्हंजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीले काप द्याचा, चांगल्या झाडाचा एक डोळा त्याच्यात सरकवाचा अन् वरून पट्टी बांधाची. ऐकाले सोपं वाटते, पण दहा जणाईनं भरले तं अर्धे मरतेत. माह्या हातचे मरत नाईत. अकोल्याच्या ललिताबाई, ज्याईची मोठी नर्सरी हाय, त्या कलमं घ्यायले मोर्शीले आल्या होत्या. त्याईनं माह्यं काम पाहिलं अन् तिथंच म्हणे, "रागिणी, अकोल्याले ये. कलमाचं सगळं काम तुह्या हाताखाली देतो. जुन्या शहरात माह्या बहिणीकडं खोली हाय, तिथं राह्य. पण हंगाम चालू झाला, सोमवारी हजर पाह्यजे. नाई तं मी दुसरी पाहतो." आमच्याकडं बायाही 'मी देतो, मी पाहतो' असंच म्हणतेत, हासू नका.

मी घरी येऊन मायले सांगितलं. ती सुपारी कातरून राहिली होती. वर न पाहताच म्हणे, "आंधी बाबापासून सोडवा लागते."

"मंग सोडव."

"गूळ कुठी हाय तेवढा?"

मी दुसऱ्याच दिवशी बाजारात गेली. कलमाचे पैसे साठवले होते, ते काढले अन् आडत्याच्या काट्यावर धान्याच्या कट्ट्यावाणी जाऊन बसली. हमाल हासले. मी म्हटलं, हासा लेकहो, पण काटा बरोबर पाहा. माह्या भारंभार गुळाच्या ढेपा घेतल्या, शेजारच्या बंडूचा टेम्पो ठरवला, ढेपा मांगं टाकल्या अन् त्याच्याखाली माह्ये कपडे भरलेली पिशवी ठेवली. मायनं पिशवी पाहिली.

रविवारी सकाळी निघालो. टेम्पोत बंडू, मधात मी, दाराकडं माय. चांदूरबाजार गेलं, परतवाडा गेलं, माय हूं का चूं करे नाई. बंडूनं मले हळूच विचारलं, "मावशी रागात हायेत का?" मी म्हटलं, रागात असती तं बरं होतं, राग निघून जाते.

खैरटेकडीवर यात्रा आठवड्यापूर्वीच झाली होती. झेंड्याच्या दोऱ्या लटकूनच होत्या, वाऱ्यानं कागद उडत होते. पायथ्याशी शकुनबाई मेणबत्त्या घेऊन बसली होती. म्हातारी तिथलीच, ख्रिस्ती, जन्म टेकडीखाली गेलेला. बंडूनं ढेप खांद्यावर घेतली तशी ती ओरडली, "गूळ वर नको नेऊ रे बाबू. पाटी वाच."

पाटीवर लिहिलं होतं, 'गूळ, नारळ, तेल समाधीवर वाहू नये.'

"काहून वं?" मी म्हटलं.

"मुंगळे झाले होते बाई समाधीवर. डोळे मिटून प्रार्थनेले बसावं तं पायाले चावत. नवीन फादरनं बंद करून टाकलं."

मी मायकडं पाहिलं. मायनं पदर नीट केला अन् पायऱ्या चढाले लागली.

फादर अंगणात खराटा घेऊन यात्रेचा कचरा झाडून राहिले होते. तरणे होते, फादर लोपीस, वसईकडचे. बोलणं मऊ, पुस्तकातल्यासारखं. मी सरळ जाऊन म्हटलं, "फादर, आमी मले सोडवाले आलो."

"कुठून?"

"बाबापासून."

मंग मी त्याईले सगळं सांगितलं. त्याईनं ऐकून घेतलं. हासले नाईत, हे मले आवडलं. शेवटी म्हणे, "ताई, ब्रदर लुकास देवाचे साधे सेवक होते. त्यांनी कुणाला धरून ठेवलेलं नाही. ते धरूनही ठेवत नाहीत आणि विकतही नाहीत. तुम्ही मोकळ्याच आहात."

खरं सांगतो, मले त्याईचे पाय धरावेसे वाटले. मी मायकडं वळली. "ऐकलं ना? मोकळी हाय मी."

माय म्हणे, "गूळ घेता का तुमी?"

"नाही घेता येणार, आजी."

"मंग नाई सोडली," माय म्हणे अन् समाधीजवळच्या ओट्यावर बसली. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. दर्यापूरचे पाव्हणे उठून गेले होते तवा तिचं जसं तोंड होतं, तसंच होतं. निवांत. माह्या डोक्यात तिडीक गेली.

मी फादरले बाजूले घेऊन म्हटलं, "फादर, नुसतं तोंडानं म्हणा, घेतला गूळ. एक ढेप उचला अन् म्हणा, सोडली. तुमचं काय जाते?"

"माझं काही जात नाही," फादर म्हणे. त्याईले वाईट वाटून राहिलं होतं, दिसत होतं. "पण जे आमच्याकडे नाहीच, ते मी परत कसं देऊ? आज तुमच्यासाठी खोटं बोललो, तर उद्या दुसरी आई तिच्या बाळाला इथे ठेवून जाईल. तेही वीस-पंचवीस वर्षं अडकेल."

आता याच्यावर काय बोलता? माणूस खोटं बोले नाई, अन् त्याच्या खऱ्यानं माह्या जीव चालला होता. एकीकडं माय म्हणे, तू बांधेल हायेस. दुसरीकडं फादर म्हणे, दोरच नाई. दोर असता तं कापता आला असता. नसलेला दोर कोणत्या इळ्यानं कापू? उद्या सोमवार. मले डोळ्यापुढं दिसून राहिलं, दुसरी कोणी पोरगी ललिताबाईच्या नर्सरीत बसून डोळे भरून राहिली, अन् मी घरी मायच्या समोर बसून भाकर खाऊन राहिली. उद्याही अन् परवाही, म्हातारी होईपर्यंत.

मी तिथंच फरशीवर बसली अन् रडाले लागली. लाज वाटली, पण रडली. बंडू ढेप घेऊन पायऱ्यावर तसाच उभा. खाली ठेवाची की वर आणाची, त्यालेही समजेना.

शकुनबाई मेणबत्त्या सोडून वर आली होती. ती फादरले म्हणे, "फादर, पयले जुने फादर इचारत ना. गूळ-फूळ राहू द्या. नुसतं इचारत, कोणाचं लेकरू म्हणून."

फादरनं खराटा भिंतीले लावला. "हो, ती गोष्ट खरी आहे," ते म्हणे. "आमच्याकडे सांगतात तशी सांगतो. ब्रदर लुकासच्या काळात मोठी साथ आली होती. घरंच्या घरं ओस पडली. मागे राहिलेली पोरं त्यांनी या टेकडीवर आणून सांभाळली. साथ सरली, तशी कुणाची मावशी आली, कुणाचा काका आला. पोर भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून ब्रदर प्रत्येकाला विचारायचे, कोणाचं लेकरू? जो 'माझं' म्हणेल, त्याच्या हाती द्यायचे. कुणी खुशीनं गूळ आणायचं, तेवढंच." मंग ते मायकडं वळले. "आजी, एवढं मी विचारू शकतो. नवस नाही, गूळ नाही. फक्त विचारतो. चालेल?"

माय ओट्यावरून हालली नाई. शकुनबाई म्हणे, "अवो बाई, जुन्या फादरचं चालत होतं, मंग याईचं काहून नाई चालणार? ते बी फादर, हे बी फादर." मायले ते नाकारता येईना. ती उठली.

फादरनं मायचं नाव विचारून घेतलं, मले समाधीच्या उशाकडं उभी केली, ते माह्या बाजूले उभे राहिले. माय समोर. एक शब्द. तिनं फक्त 'माझी' म्हणाचं अन् मी संध्याकाळच्या आत अकोल्याच्या गाडीत बसाची.

फादर म्हणे, "मैनाबाई, ही कोणाची लेक?"

मायनं माह्याकडं पाहिलं. ओठ हालले, आवाज नाई.

"ही कोणाची लेक?"

"बाबाची," माय म्हणे.

"माय," मी म्हटलं, "माझी म्हण."

"बाबाची."

माह्या तोल सुटला. मी समाधीसमोर उभी हाय, फादर बाजूले हायेत, कशाचंच भान राहिलं नाई. "काहून वं असं करून राहिली तू? एवढा गूळ आणला मी, माह्या घामाचा. एक शब्द फुकटचा बोलाले तुह्यी जीभ झिजते का? तुले मले सोडाचंच नाई, खरं सांग. बाबाच्या नावावर तूच मले कोंडून ठेवलं."

माय तिथंच खाली बसली. "दोन डाव म्हटलं होतं वं," ती म्हणे. "पयला झाला तवा छातीशी धरला अन् म्हटलं, माह्या लेक. तेरवीही नाई करा लागली, एवढासा होता. दुसरी झाली तवाही म्हटलं. तीही गेली. तुह्या येळेस तोंड शिवून घेतलं. म्हटलं, बाबाची. तू राहिली. आतापर्यंत मनातही म्हटलं नाई मी. झोपेत तोंडातून निघन म्हून तुह्यापासून दूर बाज टाकतो. आता म्हण म्हणतेस. अन् तिकडं अकोल्यात काही झालं तं?"

शकुनबाईनं डोळ्याले पदर लावला.

इतके दिवस मले वाटे, गूळ महाग होता म्हून सोडवलं नाई. मले वाटे, मायले एकटं राह्याचं भेव होतं. तिची बाज माह्यापासून एवढी दूर काहून राहते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता समजलं, पण समजून काय करता? दार तं बंदच होतं. उलट अजूनच बंद झालं. रागात असली तं मी तिच्याशी भांडू शकत होती. अशा मायशी कोणत्या तोंडानं भांडू? घरी जाऊन बसावं, असं पयल्यांदा माह्यंच मन म्हणे. अन् ते म्हणे तवा मले खरं भेव वाटलं.

मी डोळे पुसले. फादरले विचारलं, "फादर, ज्या पोराईले कोणीच न्यायले आलं नाई, ज्याईले कोणी माझं म्हटलं नाई, त्याईचं बाबानं काय केलं?"

फादर म्हणे, "त्यांना ते आपलीच म्हणायचे. वाढवलं, हाताला काम शिकवलं. कुणी सुतार झालं, कुणी गवंडी. मोठी झाली तशी पाठवून दिली, कुणी अमरावतीला, कुणी अकोल्याला. टेकडीवर ठेवून घेतलं असं एकही पोर नाही."

"पाठवून देलं?"

"स्वतः खाली रस्त्यापर्यंत पोचवायला जायचे, असं म्हणतात."

मी मायपुढं जाऊन बसली. आवाज खाली केला. "माय, मी कोणाची?"

"बाबाची."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग बाबाच्या लेकीले तू कशी अडवतेस? बाबानं त्याच्या पोराईले काम शिकवलं अन् धाडून देलं. मले काम येते. मीही त्याचीच हाय ना? मंग मले कोण धाडाचं, तू का तो?"

मायनं फादरकडं पाहिलं. फादर म्हणे, "आजी, खरंच कुणाला अडवलं नाही त्यांनी."

माय बसून राहिली. तिनं समाधीच्या दगडावरून हात फिरवला, धूळ झाडतेत तसा. बंडूनं कंटाळून ढेप पायरीवर ठेवली. मंग माय उठली, लुगडं झटकलं अन् माह्याकडं न पाहता म्हणे, "मंग जा. बाबाची हायेस तं जा. माझी असती तं नसती जाऊ देली."

मले हासावं का रडावं समजे नाई. फादर म्हणे, "गूळ आणलाच आहे, तर खाली मुलांच्या होस्टेलला द्या. स्वयंपाकघरात चालेल."

"नाई," माय पटकन म्हणे. "इथं एक कण उतरवाचा नाई. बंडू, गूळ घरी चालला."

"एवढा गूळ कोण खाईन मावशी?" बंडू म्हणे.

"मी खाईन. चल."

परतवाड्याच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागूनच होती. बंडूनं ढेपाच्या खालची पिशवी ओढून काढली, गुळानं चिकट झाली होती. मले खिडकीची जागा भेटली. माय खाली उभी राहिली. हे घे, ते घे, असं काही म्हणे नाई, तिच्यापाशी द्यायले काहीच नव्हतं. नुसती म्हणे, "पोचली की फोन कर. अन् त्या ललिताबाईले सांग, हिले तिखट चालत नाई."

"सांगतो," मी म्हटलं.

गाडीत गोंधळ होता. कोणी कोंबडी घेऊन चढलं होतं, कंडक्टर त्याच्याशी भांडून राहिला होता. ड्रायव्हर चढला. मले काय झालं माहीत नाई. एवढ्या वर्षाचं जे हवं होतं ते हातात आलं होतं, तरी मी खिडकीतून वाकली अन् म्हटलं, "माय, एक डाव म्हण ना वं. इथं कोणाले ऐकू येत नाई. बाबाही तिकडं टेकडीवर राह्यला."

माय माह्याकडं पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण तोंड घट्ट होतं.

"म्हटलं तं मंग घरी न्या लागन तुले," ती म्हणे.

कंडक्टरनं घंटी मारली. ती मांगं सरली अन् टेम्पोकडं चालू लागली. तिनं मांगं पाहिलं नाई. मी तिले हाक मारली नाई. मारली असती तं ती आली असती.